गाडी घाटात मेली, टर्बो मात्र धडधाकट होता

गणपती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मावसभावाचा फोन. "दादा, आंबा घाटात अडकलोय रे. गाडी आधी विमानासारखी पळाली नि मग एकदम मेलीच. पिवळा दिवा लागलाय, चाळीसच्या वर जातच नाय."

माझं पालीला हायवेजवळ स्पेअर पार्टचं छोटं दुकान आहे, त्यामुळे घराण्यातल्या कोणाचीही गाडी खोकली तरी पहिला फोन मला. हा पठ्ठ्या कसाबसा वळून खाली साखरप्याला आला, तिथे एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून, हेडलाइट लावून बघितलं आणि सांगून टाकलं की टर्बो गेला, नवीन टाकावा लागेल, पाऊण लाखाच्या पुढे धरा. भावाचा चेहरा पडला, कारण गणपतीत आधीच खिसा रिकामा झालेला. मी गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर घेऊन गेलो, लावला, कोड आला पी ०२३४. म्हणजे ओव्हरबूस्ट. म्हणजे टर्बो गेला नव्हता, उलट जास्तच काम करत होता! शोधत शोधत शेवटी हाताला लागली बोटभर लांबीची रबरी नळी, मधोमध कुरतडलेली, उंदराच्या दातांच्या खुणा अगदी आंब्याच्या कोयीवर असतात तशा स्पष्ट. गाडी दहा महिने पावस गावात घराच्या पडवीत उभी असते ना, तिथे त्या उंदराने संसार मांडला होता.

दर वर्षी गणपती आणि शिमग्याला असे चार-पाच जण येतात. आता रस्त्यावरच्या कितीतरी नव्या गाड्यांना टर्बो असतो, छोट्या पेट्रोल गाड्यांनासुद्धा, पण हा प्रकार नेमका काय ते कोणी नीट सांगत नाही. म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकावं.

## टर्बो म्हणजे लोहाराचा भाता

इंजिनात इंधन जाळायचं तर हवा लागते. जास्त ताकद पाहिजे तर जास्त इंधन, आणि जास्त इंधनाला जास्त हवा. साधं इंजिन हवा स्वतःच ओढून घेतं, जेवढी आली तेवढी. टर्बोवालं इंजिन हवा कोंबून घेतं. लोहार भाता मारतो तेव्हा त्याच कोळशाची आच कशी दुप्पट होते, तसंच. फरक एवढाच की हा भाता मारायला माणूस लागत नाही, भट्टीचा धूरच तो चालवतो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एका चक्रावर आदळतो, ते चक्र फिरतं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं ते बाहेरची हवा आत दाबतं. फुकट जाणारा धूर कामाला लावला. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियरने १९०५ सालीच याचं पेटंट घेतलंय, म्हणजे आयडिया नवीन नाही बरं का.

दाबलेल्या हवेचा जो जादा दाब असतो त्याला म्हणायचं बूस्ट. आपल्या किनाऱ्यावर हवेचा स्वतःचा दाब साधारण १ बार असतो. टर्बोने त्यावर अजून १ बार दिला की इंजिनात जवळपास दुप्पट हवा गेली असं समजा. छोट्या पेट्रोल गाड्यांत बूस्ट १ बारच्या आसपास, डिझेलमध्ये बहुतेकदा त्याहून जास्त. ऐकायला कमी वाटतं कारण टायरमध्ये आपण याच्या दुप्पट भरतो, पण टायरमध्ये काही पेटवायचं नसतं. आणि हे करायला ते चक्र मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतं. घरातला पंखा फुल्ल स्पीडला साडेतीनशे-चारशे मारतो, त्यावरून अंदाज घ्या.

## मग जास्त होऊ नये म्हणून काय असतं?

इथेच सगळी गंमत आहे. विचार करा, जास्त धूर म्हणजे चक्र जोरात, चक्र जोरात म्हणजे जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, जास्त इंधन म्हणजे परत जास्त धूर. हे स्वतःहून थांबणारं प्रकरणच नाही, कोणीतरी मध्ये अडवावं लागतं.

खाडीकाठच्या लोकांना हे लगेच कळेल. खारजमिनीला बांध असतो आणि बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, असते. ओहोटीला उघाडी उघडते, शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. ती उघाडी गाळाने किंवा गंजाने बसली, तर पाऊस काही थांबत नाही, पाणी चढत जातं आणि शेवटी बांध फुटतो. टर्बोलाही अशीच एक उघाडी असते, तिचं नाव वेस्टगेट. दाब ठरल्याइतका झाला की ती उघडते आणि उरलेला धूर चक्राला बगल देऊन सरळ सायलेन्सरकडे जातो. चक्राचा वेग तिथल्या तिथे आवरतो.

ही उघाडी उघडतो कोण, तर डब्यासारखा एक छोटा पार्ट, अ‍ॅक्च्युएटर. आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. टर्बोच्या हवेच्या बाजूने एक बारीक नळी त्या डब्याला येते, दाब वाढला की पडदा फुगतो, दांडा पुढे सरकतो, उघाडी उघडते. भावाच्या गाडीची हीच नळी उंदराने खाल्लेली. दाबाचा निरोप डब्यापर्यंत पोचतच नव्हता, त्यामुळे उघाडी बंद ती बंदच. रत्नागिरीत बाजारात फिरताना काही कळलं नाही कारण तिथे ॲक्सिलरेटर कोण दाबतोय, घाटात भरल्या गाडीने पाय दाबला आणि बूस्ट चढतच गेला. ते जे विमानासारखं पळणं होतं ना, ते कौतुकाचं नव्हतं.

बऱ्याच डिझेल गाड्यांत उघाडीऐवजी वेगळी युक्ती असते. पोफळीला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी कमी असलं तरी लांब उडतं, तसं चक्राभोवती छोटी पाती असतात. इंजिन हळू असताना पाती मिटून वाट अरुंद करतात, म्हणजे थोडक्या धुरातही चक्र जोरात फिरतं, आणि इंजिन जोरात असलं की पाती उघडतात. अशा टर्बोला व्हीजीटी म्हणतात. अंगठा वेळेवर उचलला नाही तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

## थोडी हवा जास्त गेली तर एवढं काय बिघडतं?

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना खालचं टोक गरम लागतं ना, तेच. १ बारच्या वर बूस्ट गेला की टर्बोतून निघणारी हवा शंभर डिग्रीच्या बऱ्याच पुढे असते, म्हणून तर मध्ये तिला थंड करायला जाळी, म्हणजे इंटरकूलर, बसवतात. पण त्या जाळीची पण काही ताकद आहे, ठरल्यापेक्षा जास्त दाबलेली, जास्त तापलेली हवा ती पूर्ण थंड करू शकत नाही.

पेट्रोल इंजिनात याचा परिणाम सगळ्यात वाईट. शिमग्याचा होम एका बाजूने पेटवतात, आग हळूहळू पसरत जाते, सगळे लांब उभे असतात, बरोबर? आता समजा दुसऱ्या बाजूचं सुकं गवत आधीच इतकं तापलंय की ज्वाळा पोचायच्या आतच ते भकदिशी पेटलं. सिलिंडरात नेमकं हेच होतं, त्याला नॉकिंग म्हणतात, डब्यात खडे वाजल्यासारखा टकटक आवाज येतो. हे धक्के पिस्टनच्या रिंगांमधल्या बारीक कडा तोडतात, पिस्टनला भोक पाडू शकतात. नॉकिंग ओळखणारा सेन्सर असतो, त्याच्या सांगण्यावरून गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडून सांभाळून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

डिझेल तसंही दाबानेच पेटतं, त्यामुळे तिथे या प्रकारचं नॉकिंग हा मुद्दा नाही, तिथे मार बसतो तो निव्वळ दाबाचा. हेड गॅसकेट उडणं, पिस्टनला चीर जाणं, कनेक्टिंग रॉड वाकणं. आणि पेट्रोल असो की डिझेल, टर्बो स्वतः त्याच्या वेगाच्या बाहेर फिरला की बेअरिंग जातात, दांडा तुटतो. सगळ्यात स्वस्तात सुटलात तर इंटरकूलरचा पाइप फटकन निसटतो आणि गाडी फुस्स होते. असा पाइप निसटला की मी तर म्हणतो देवाला नारळ द्या, तो निसटला म्हणून इंजिन वाचलं.

## पण गाडी स्वतःच मेली ना, मग ती वाचवते कशी?

मेली नाही, तिने अंग चोरलं. आत येणाऱ्या हवेच्या पाइपवर एक सेन्सर असतो, मॅप सेन्सर, तो दाब मोजून गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. कॉम्प्युटरने मागितला १.२ बार आणि आला १.६, असं थोडा वेळ दिसलं की तो इंधन तोडतो, बूस्ट बंद करतो, दिवा लावतो आणि गाडीला घरी पोचण्यापुरती ताकद ठेवतो. याला लिंप मोड म्हणतात, लंगडत का होईना घरी जा असं. बरेचदा चावी बंद करून परत चालू केली की गाडी पुन्हा नॉर्मल पळते, आणि इथेच लोक फसतात.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर नावाची गाडी आली, टर्बो असलेल्या पहिल्या कारपैकी एक. नॉकिंग होऊ नये म्हणून तिला पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागायचं, आणि ते संपलं की गाडी आपोआप बूस्ट कमी करायची. लोक टाकी भरायला विसरायचे आणि गाडीत दमच नाही म्हणून ओरडायचे. शेवटी कंपनीने बऱ्याच गाड्यांचे टर्बोच काढून दिले. साठ वर्षं झाली, गाडी आपल्याला काहीतरी सांगत्येय हे ऐकायची सवय अजून लागलेली नाही.

## मी तर गाडी हळू चालवतो, मला कशाला होईल?

दुकानात मला रोज ऐकू येणारं वाक्य. आणि खरं सांगायचं तर व्हीजीटीवाल्या डिझेलला हळू चालवणाऱ्यांच्या गाडीतच हे जास्त बघितलंय मी. घर ते बाजार तीन किलोमीटर, परत, कधी दोन हजार आरपीएमच्या वर काटा नाही. पाती कायम अरुंद, इंजिन धड तापत नाही, काजळी बसत जाते, आणि मग एक दिवस हायवेला ट्रक ओव्हरटेक करायला पाय दाबला की पाती हलायलाच तयार नाहीत. आठवड्यातून एकदा इंजिन गरम झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं हायवेला, एक गियर खालचा ठेवून, अडीच-तीन हजार आरपीएमवर चालवा. ओरबाडायला सांगत नाही, जरा पाय मोकळे करू द्या तिला.

दुसरं कारण आपलं खारं वारं. किनाऱ्यावर पत्र्याचे खिळेसुद्धा दोन पावसाळ्यात जातात, तिथे वेस्टगेटचा तो पेन्सिलीएवढा दांडा आणि त्याची पिन काय टिकणार. गाडी रोज चालत असली तर तो हलत राहतो, उभी असली की गंज धरतो. भावाच्या गाडीची नळी बदलली तरी दांडा अडखळत होता, गेज असलेल्या हातपंपाने डब्याला दाब देऊन बघितलं तर काटा चढतोय पण दांडा जागचा हलत नाही, मग एकदम टक करून सुटला. थंड असताना गंज सोडवायचा स्प्रे मारून दहा-बारा वेळा मागेपुढे केला तेव्हा कुठे गुळगुळीत झाला. ग्रीस लावू नका तिथे, धुराच्या उष्णतेने जळून उलट घट्ट होतं. आणि कंप्रेसरची टायरवाली हवा त्या डब्याला लावू नका, पडदा फाटतो, मग डबाच बदला.

नळीचं सांगतो, मी नळ्या विकतो म्हणून नाही. तिथे उष्णता सोसणारी, योग्य मापाचीच नळी पाहिजे. मी डोळ्याने सलाइनची नळी लावलेली बघितलीय, फिशटँकची बघितलीय. एक-दोन घाट चालते, मग वितळून चिकटते, भोक बंद, आणि परत तेच. काहीशे रुपयाच्या नळीसाठी लोक इंजिन पणाला लावतात. (एक बारीक गोष्ट, व्हॅक्यूमवर, म्हणजे दाबाऐवजी हवेच्या ओढीवर, चालणाऱ्या बऱ्याच डिझेल टर्बोत उलटं असतं, तिथे नळी फाटली तर बूस्ट कमी होतो. त्यामुळे नळी फाटली म्हणजे ओव्हरबूस्टच असं धरून चालू नका, आपल्या गाडीचा प्रकार आधी विचारा.)

तिसरा चोर म्हणजे तो मॅप सेन्सर. डिझेलमध्ये काजळी आणि तेलाचा काळा चिखल त्याच्या टोकावर बसतो. मग तो दाब कमी सांगतो, कॉम्प्युटर म्हणतो अरे अजून पाहिजे, आणि बिचारा टर्बो अजून दाबतो. हे घरी तपासता येतं, आणि मला सगळ्यात आवडती तपासणी हीच. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लावा, मोबाइलला जोडा, चावी ऑन करा पण इंजिन सुरू करू नका, आणि मॅपचा आकडा बघा. इंजिन बंद म्हणजे त्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवला पाहिजे. रत्नागिरी, मालवण, किनाऱ्यावर कुठेही १००-१०१ किलोपास्कल, म्हणजे तोच साधारण १ बार. आंबोलीला गेलात तर ९३ च्या आसपास. तुमच्या अंगणात समुद्राची गाज ऐकू येत्येय आणि सेन्सर ९० सांगतोय, म्हणजे सेन्सर महाबळेश्वरच्या वाटेवर आहे, तो काढून इलेक्ट्रॉनिक पार्टच्या क्लीनरने साफ करा नाहीतर बदला.

## कोड क्लिअर केला, आता मस्त चालते की

दिवा पुसला, आजार तसाच. पी ०२३४ एकदा आला तर नळ्या आणि वायरी बघा, दुसऱ्यांदा आला तर गाडी लांब नेऊ नका. मेकॅनिकला सांगा की नुसता कोड वाचू नको, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट हे दोन आकडे गाडी चालवत दाखव. ते दोन आकडे एकमेकांसोबत चढले-उतरले पाहिजेत. मिळालेला आकडा वर जाऊन तिथेच लटकला तर काहीतरी अडकलंय. एवढं न बघता जो थेट टर्बो बदला म्हणतो त्याला नमस्कार करून निघायचं.

## रिमॅप केलाय, हजारो लोक करतात

करतात. रिमॅप म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून ताकद वाढवणं. चांगल्या माणसाकडून, इंजिनाच्या मर्यादेत केला तर वर्षानुवर्षं चालतोही. माझा राग आहे तो त्या छोट्या डब्यांवर, जे वायरीत मध्येच जोडतात. त्यातले काही चक्क सेन्सरचा आकडा कमी करून कॉम्प्युटरला दाखवतात. म्हणजे राखणदाराच्या डोळ्यावर पट्टी बांधून मग म्हणायचं, बघा चोरी होत नाही. तसंच अ‍ॅक्च्युएटरच्या दांड्याचा नट आवळून 'पिकअप वाढवून देणारे' आहेत, ती उघाडी उशिरा उघडावी म्हणून केलेली सोय. मोकळा सायलेन्सर लावला तरी धूर इतका सहज निघतो की छोटी उघाडी पुरत नाही आणि बूस्ट हळूहळू वर सरकतो. महागडं जास्त ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंगला जास्त दाद न देणारं पेट्रोल टाकून थोडी सवलत मिळते, पण अडकलेली उघाडी काही पेट्रोलने सुटत नाही.

## कंपनीच तर ओव्हरबूस्ट देते म्हणे

हो, काही गाड्यांच्या माहितीपत्रकात हा शब्द कौतुकाने छापलेला असतो. पाय पूर्ण दाबला की काही सेकंद थोडा जादा बूस्ट, मग आपोआप खाली. तो हिशेब कंपनीने आधी करून ठेवलेला असतो, नंतर उतरायचं कधी तेही ठरलेलं असतं. आपला विषय न मागता आलेल्या बूस्टचा आहे. शब्द एकच झाला म्हणून घोटाळा.

## गावी उभी राहणारी गाडी

मुंबईवाल्यांसाठी खास. गाडी गावी ठेवत असाल तर घरच्यांना पंधरा दिवसांनी नुसती चालू करून बंद करायला सांगू नका, त्याने बॅटरी आणि सायलेन्सर दोन्हीचं नुकसान, त्यापेक्षा अर्धा तास फिरवून आणायला सांगा, मधे एक चढ असू दे. आल्यावर घाटाला लागायच्या आधी बोनेट उघडून बॅटरी टॉर्च मारा, सुपारीची सोलं, भाताची तुसं, वाळका पाला इंजिनावर दिसला म्हणजे उंदीरमामा राहून गेलेत, मग प्रत्येक बारीक नळीवरून बोट फिरवा. नवीन गाड्यांत वेस्टगेट छोट्या मोटरने चालते, तिथे हाताने काही करायला जाऊ नका, स्कॅनरनेच हलवून बघतात.

## घाटात झालंच तर

एकदम जोर आला, टर्बोची शिट्टी नेहमीपेक्षा बारीक आणि मोठी झाली, आणि मग ताकद गेली, तर आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, चावी बंद, बोनेट उघडून निसटलेला पाइप वगैरे दिसतो का बघा. काही नाही दिसलं आणि गाडी सुरू झाली तर हलक्या पायाने जवळच्या गावापर्यंत, शक्यतो उताराच्या दिशेने. पण धातू घासल्यासारखा आवाज किंवा मागून निळा धूर असेल तर परत सुरूच करू नका, टोचन करून न्या. टर्बो तुटून त्याचं तेल इंजिनात जायला लागलं तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळतं, चावी काढली तरी थांबत नाही. अशा वेळी मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गियर टाकून क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून बंद पडतं. आणि बाकीची माणसं आधी गाडीबाहेर.

भाऊ त्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला परत घाटाला लागला, नवी नळी, दोन क्लिपा, आणि साखरप्याला दोन चहा एवढाच खर्च. आंब्याला वर पोचून फोन केला, "दादा, आता पयल्यासारखी पळत नाय रे." म्हटलं, तेच पाहिजे होतं.